गोंगाटातली मौने: 'इलिनॉय' या अल्बममधला इतिहास

इलिनॉय या अमेरिकी राज्याच्या नावातला शेवटचा 'एस' लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. हे वळण फ्रेंचांचे. सतराव्या शतकात मिसिसिपीच्या खोऱ्यात आलेल्या फ्रेंच धर्मोपदेशकांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे नाव शेजारच्या ओजिब्वे भाषकांच्या तोंडून ऐकले आणि आपल्या लेखनाच्या सवयीप्रमाणे कागदावर उतरवले. भाषाशास्त्रज्ञ या नावाचा माग मायामी-इलिनॉय भाषेतल्या एका क्रियापदापर्यंत नेतात. त्याचा अर्थ 'नेहमीच्या रीतीने बोलणारा' असा काहीसा होतो. म्हणजे ज्याची बोली आपल्याला समजते असा माणूस. पुढे हे बोलणारे तिथून हुसकले गेले. नाव राहिले, तेही शेवटचे अक्षर गिळलेले.

२००५ साली सुफ्यान स्टीव्हन्स या गायक-गीतकाराने या राज्यावर बावीस रचनांचा, सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचा अल्बम काढला, तेव्हा त्याने या गिळलेल्या अक्षराशीच खेळ केला. मुखपृष्ठावर राज्याच्या नावापुढे एक 'ई' जोडला आहे. त्या एका स्वराने मुका 'एस' जागा होतो आणि नावातून 'नॉइज', म्हणजे गोंगाट, ऐकू येऊ लागतो. स्लेड या ब्रिटिश रॉक गटाच्या १९७३मधील एका गाजलेल्या गाण्याच्या शीर्षकावर केलेली ही कोटी आहे. अल्बम मात्र 'इलिनॉय' याच नावाने ओळखला जातो.

या अल्बमची स्तुती विपुल झाली आहे. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या अल्बमांमध्ये त्याला सर्वाधिक गुण होते, आणि पिचफोर्कने त्याला २००५मधील सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवले. ही स्तुती बहुतांशी त्याच्या वाद्यमेळाची, महत्त्वाकांक्षेची आणि कवीच्या हळुवार स्वराची आहे, आणि ती अस्थानी नाही. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र वेगळा प्रश्न पडायला हवा. एका राज्याचा इतिहास सांगायला बसलेला कलावंत या गोंगाटात शब्द कोणाला देतो आणि कोणाला केवळ सूर देतो? हा अल्बम त्या प्रश्नाकडे कान लावून ऐकला तर तो अधिक अस्वस्थ करणारा ठरतो, आणि माझ्या मते अधिक मोलाचाही.

स्टीव्हन्सचा जन्म १९७५चा, डेट्रॉइटचा. बालपण आणि तारुण्य मिशिगनमध्ये गेले. त्याचे आईवडील सुबुद या इंडोनेशियात उगम पावलेल्या आध्यात्मिक पंथात होते. त्याचे अरबी वळणाचे नाव तिथून आले. तो स्वतः मात्र ख्रिस्ती श्रद्धेचा. न्यूयॉर्कच्या 'द न्यू स्कूल'मध्ये त्याने सर्जनशील लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले, म्हणजे प्रथम त्याला कथालेखक व्हायचे होते, आणि ही खूण त्याच्या गाण्यांवर शेवटपर्यंत राहिली आहे. सावत्र वडिलांच्या साथीने त्याने १९९९मध्ये 'अस्थमॅटिक किटी' ही छोटी ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. २००३मध्ये 'मिशिगन' हा अल्बम आला, आणि त्याबरोबर एक घोषणाही: अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम काढण्याची. तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवला. वृत्तपत्रे राज्ये मोजू लागली. प्रत्यक्षात दोनच झाली, आणि २००९मध्ये त्याने मुलाखतींतून सांगून टाकले की ती प्रसिद्धीची क्लृप्ती होती.

'मिशिगन' आणि 'इलिनॉय' यांत एक मूलभूत भेद आहे. पहिले राज्य त्याचे स्वतःचे होते. बंद पडलेले कारखाने, बेकार माणसे, सरोवराकाठची थंडी हे सारे त्याच्या आठवणीत होते. इलिनॉय हे शेजारचे राज्य. तिथे तो वाढला नाही. त्यामुळे त्याने ते वाचून काढले. इतिहासाची पुस्तके, स्थलांतरितांच्या नोंदी, सॉल बेलोच्या कादंबऱ्या, कार्ल सँडबर्गच्या कविता हे त्याचे साहित्य. शिवाय राज्यातला प्रवास आणि ओळखीअनोळखी लोकांकडून गोळा केलेले किस्से. पहिला अल्बम आठवणींतून झाला, हा दुसरा कागदपत्रांतून. परक्याने दप्तरांच्या आधारे लिहिलेला हा इतिहास आहे, आणि दप्तरात कोणाचा आवाज जमा होतो हे आपण जाणतोच.

ध्वनिमुद्रणाची हकीकत थोडक्यात सांगतो. २००४च्या अखेरीस आणि २००५च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये हे काम झाले: क्वीन्समधल्या एका साध्या स्टुडिओत, ब्रुकलिनमधल्या त्याच्या राहत्या घरी, आणि पियानोसाठी ब्रुकलिनमधल्या एका चर्चमध्ये. निर्माता, संयोजक, ध्वनिमुद्रक तो स्वतःच. वीसहून अधिक वाद्ये त्याने वाजवली. तंतुवाद्ये, ट्रम्पेट, ड्रम्स आणि समूहस्वर यांसाठी मित्रमंडळी आली. यंत्रे स्वस्तातली होती. ऐकताना वाटते की भले मोठे वाद्यवृंद एका सभागृहात बसले आहेत. प्रत्यक्षात मोजके मायक्रोफोन आणि एकावर एक चढवलेले थर आहेत. स्वतंत्रपणे काम करण्याचा फायदा केवळ पैशांचा नव्हता. सहा सेकंदांच्या तुकड्याला स्वतंत्र रचना म्हणून नाव द्यायचे, किंवा एका वाद्यरचनेला चार ओळींचे शीर्षक द्यायचे, असला हट्ट मोठ्या कंपनीच्या टेबलावर टिकला असता असे वाटत नाही. आणि या अल्बमचा अर्थ नेमका अशा हट्टांत दडलेला आहे.

शीर्षकगीतापासून सुरुवात करू. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग १८९३च्या शिकागो विश्वप्रदर्शनाचा, दुसऱ्यात सँडबर्ग स्वप्नात येतो. पहिला भाग पाच मात्रांच्या चक्रात धावतो. झपतालाशी परिचित असलेल्या आपल्या कानांना पाचाचे विभाजन अवघड वाटणार नाही, पण पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ते क्वचितच आढळते. ताल सतत पुढे कलल्यासारखा वाटतो, जणू जत्रेत मागून कोणी ढकलत आहे. प्रदर्शन तसेच होते. १ मे ते ३० ऑक्टोबर या सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास प्रवेश नोंदले गेले. डॅनियल बर्नहॅमच्या देखरेखीखाली जॅक्सन पार्कमध्ये पांढऱ्या इमारतींची 'श्वेतनगरी' उभी राहिली होती. बहुतेक इमारती गिलाव्याच्या आणि तात्पुरत्या. २६४ फूट उंचीचा पहिला फेरिस पाळणा इथेच फिरला. स्टीव्हन्सच्या गाण्यात हे सारे वेगाने येते: नवे शोध, नवी खाद्यपदार्थांची नावे, वास्तुविशारद, जाहिराती. इतिहास इथे यादीच्या रूपाने येतो. यादीला विचार करायला वेळ नसतो, आणि प्रदर्शनालाही तो नव्हता.

त्याच वर्षी, त्याच शहरात, १२ जुलै रोजी फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकाने इतिहासकारांच्या सभेत आपला सीमाप्रदेशाविषयीचा निबंध वाचला. पश्चिमेकडे सरकत जाणारी वसाहतीची सीमा हेच अमेरिकी स्वभावाचे मूळ, आणि आता ती सीमा संपली, असे त्याचे प्रतिपादन. पुढची काही दशके अमेरिकी इतिहासलेखन या निबंधाच्या छायेत वाढले. अल्बममधल्या विसाव्या रचनेच्या उपशीर्षकात 'महान सीमाप्रदेश' हे शब्द येतात तेव्हा ही छाया तिथवर पोहोचलेली दिसते. पण १८९३च्या शिकागोत इतरही बोलणारे होते. फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स यांनी, या प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकन का नाहीत याची कारणे मांडणारी पुस्तिका काढून वाटली. पोटावाटोमी जमातीचे सायमन पोकॅगन यांनी भूर्जाच्या सालीवर छापलेली छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे शीर्षकच धिक्काराचे होते. ज्या जमिनीवर शिकागो उभे राहिले ती पोटावाटोमींची होती. हे दोन्ही आवाज छापील आहेत, उपलब्ध आहेत. गाण्यात ते नाहीत.

याच प्रदर्शनाला जोडून सप्टेंबरात भरलेली सर्वधर्मपरिषद आपल्याकडे विवेकानंदांमुळे घराघरात ठाऊक आहे. त्या व्यासपीठावर मुंबईहून गेलेले ब्राह्मसमाजाचे बी. बी. नागरकर आणि जैन समाजाचे वीरचंद गांधी हेही होते, याचे स्मरण मात्र सहसा कोणी करत नाही. परिषदही एक गोंगाटच. त्यातून एक आवाज आपण जपला आणि बाकीचे विसरलो. असो.

दुसऱ्या भागात लय बदलते, पाचाची धाव चार मात्रांत येऊन स्थिरावते आणि स्वप्नात सँडबर्ग येतो. तो कवीला विचारतो की तू जे लिहितोस ते अंतःकरणातून लिहितोस का. संपूर्ण अल्बमची कळ या प्रश्नात आहे. सँडबर्गचीच निवड का, हेही पाहायला हवे. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला १८७८मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९१६मध्ये शिकागोवरच्या कवितांचा संग्रह काढला, १९२७मध्ये लोकगीतांचा मोठा संग्रह संपादित केला, आणि १९२६ ते १९३९ या काळात सहा खंडांत लिंकनचे चरित्र लिहिले. त्यातल्या शेवटच्या चार खंडांना इतिहासाचे पुलित्झर मिळाले. गिटार घेऊन तो सभांतून गात असे. म्हणजे कवी, गायक आणि इतिहासकार या तिन्ही भूमिका एकाच माणसात. स्टीव्हन्स जे करू पाहतो ते त्याने आधी करून ठेवले होते. त्याच्या लिंकनचरित्रावर पुढे एडमंड विल्सनसारख्या समीक्षकाने कठोर टीका केली. त्यात इतिहास कमी आणि भावुकता फार, असा त्या टीकेचा रोख होता. त्यामुळे स्वप्नातल्या प्रश्नाला एक बोचरी धार आहे. अंतःकरणातून लिहिणे हा इतिहासलेखनाचा गुण की दोष, हे विचारणाऱ्याने स्वतःच सोडवलेले नव्हते.

आता या गाण्याच्या लगेच आधीची रचना. क्रमाने दुसरी, जेमतेम सव्वादोन मिनिटांची. तिचे शीर्षक अल्बममध्ये सर्वांत लांब आहे. ब्लॅक हॉक युद्ध असे म्हणून ते सुरू होते आणि 'अथवा', 'अथवा' करत पुढे जाते: एक संबंध संस्कृती नष्ट करून सकाळी उठल्यावर पुन्हा प्रसन्न कसे वाटावे याची युक्ती सांगते, तसदीबद्दल दिलगिरी व्यक्त करते, आणि शेवटी एका मूळ रहिवाशाच्या तोंडी, शत्रू आमच्या भूमीवरून जाईपर्यंत मी लढतच राहीन, अशी प्रतिज्ञा घालते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रजी ग्रंथांना अशी लांबलचक जोडशीर्षके असत. त्यांची ही विडंबना. इतके शब्द शीर्षकात खर्च केल्यावर रचनेत एकही शब्द नाही. ढोल, ट्रम्पेट, तंतुवाद्ये आणि अर्थहीन स्वरांत गाणारा कोरस. सूर विजयाचे आहेत, मिरवणुकीचे. शीर्षक न वाचता ऐकले तर एखाद्या संघाच्या विजयोत्सवाचे संगीत वाटेल.

प्रत्यक्षात काय घडले होते? ब्लॅक हॉक हा सॉक जमातीचा नेता. त्याचे गाव, सॉकनक, रॉक नदीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रॉक आयलंड शहराच्या जागी होते. १८०४मध्ये सेंट लुईसला जमातीच्या मोजक्या लोकांकडून एका करारावर सह्या घेण्यात आल्या आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडची अफाट जमीन अमेरिकेने आपली म्हटली. ब्लॅक हॉकने हा करार कधीच मान्य केला नाही. १८३१मध्ये गाव सोडावे लागले. १८३२च्या एप्रिलमध्ये तो बायका, मुले, वृद्ध यांच्यासह हजाराहून अधिक माणसे घेऊन नदी ओलांडून परतला. पुढचे सुमारे पंधरा आठवडे पाठलागाचे. १ आणि २ ऑगस्टला बॅड ॲक्स नदीजवळ, मिसिसिपी पुन्हा ओलांडून पळू पाहणाऱ्यांची कत्तल झाली. या युद्धात इलिनॉयच्या स्वयंसेवकांच्या एका तुकडीचा कप्तान तेवीस वर्षांचा एब्राहम लिंकन होता. त्याने लढाई पाहिली नाही, आणि १८४८मध्ये काँग्रेसच्या सभागृहात त्याने त्या मोहिमेची थट्टा केली: आपल्या रक्तरंजित चकमकी झाल्या त्या डासांशी, असे त्याच्या बोलण्याचे सार. विनोद निर्मळ आहे. पण ज्या सभागृहात तो झाला त्यात हसणाऱ्यांशिवाय दुसरे कोणी नव्हते.

तर या रचनेचा निःशब्दपणा आपण कसा वाचावा? एक वाचन असे की हे शहाणपण आहे. मिशिगनचा गोरा तरुण ब्लॅक हॉकच्या वतीने 'मी' म्हणून गाऊ लागला असता तर ते दुसरे अतिक्रमण ठरले असते. म्हणून त्याने शब्द शीर्षकात ठेवले, जिथे ते जेत्याच्या बेशरम सभ्यतेवर उलटतात, आणि संगीत जेत्यांचेच ठेवले. हे वाचन मला आकर्षक वाटते, आणि प्रथम ऐकताना तेच पटते. पण एक गोष्ट त्याच्या आड येते. ब्लॅक हॉक मुका नव्हता. कैदेतून परतल्यावर १८३३मध्ये त्याने दुभाष्या अँत्वान लक्लेर याला आपले आत्मकथन सांगितले, जे. बी. पॅटरसन या तरुण वृत्तपत्रकाराने ते संपादून छापले. दुभाष्या आणि संपादक अशा दोन हातांतून गेलेला मजकूर आहे, त्यामुळे कोणता शब्द कोणाचा हा वाद राहीलच. तरीही पुस्तक आहे, आणि त्यात करार कसा झाला, शेते कशी नांगरली गेली, हे सविस्तर सांगणारा माणूस आहे. वाचनालयांत बसून राज्य अभ्यासणाऱ्या गीतकाराने शीर्षकापुरती त्याची एक गर्जना घेतली आणि त्याचे सांगणे तिथेच ठेवले. राज्याने त्याच्याशी जे केले तेच हे, जरा हळुवारपणे. राज्याकडेही त्याचे नाव आहेच: शिकागोच्या हॉकी संघाला आहे, ज्या सैनिकी तुकडीवरून त्या संघाचे नाव पडले तिला होते, आणि ओरेगन या गावी रॉक नदीकाठी लोराडो टाफ्टने १९११मध्ये उभारलेल्या काँक्रीटच्या अठ्ठेचाळीस फुटी पुतळ्यालाही लोकांनी तेच चिकटवले आहे. पुतळा त्याच्या चेहऱ्याचा नाही.

एकदा हे ध्यानात आले की बाकीच्या निःशब्द रचनांकडे लक्ष जाते. अकरावी रचना रॉक नदीच्या खोऱ्यातल्या कामगारांना उद्देशून आहे. तुमच्या अडचणीवर मला एक उपाय सुचला आहे, असे तिचे शीर्षक सांगते. नदी तीच, ब्लॅक हॉकच्या गावची. उपाय काय हे मात्र कळत नाही, कारण दीड मिनिटाच्या त्या रचनेत शब्द नाहीत. एकविसाव्या रचनेच्या शीर्षकात जेली रोल मॉर्टनपासून लुई आर्मस्ट्राँगपर्यंत शिकागोत वाजवून गेलेल्या जॅझ कलावंतांची नावे आहेत. तिचा कालावधी पाऊण मिनिट. आणि आठवी रचना तर सहा सेकंदांची: पुलमनसाठी शेवटचा एक जल्लोष. शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने रेल्वेचे डबे बांधण्यासाठी वसवलेले हे गाव. १८९३च्या मंदीत त्याने मजुरी कापली, कामगारांच्या घरांचे भाडे मात्र कापले नाही. १८९४चा संप देशभरच्या रेल्वेत पसरला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने सैन्य पाठवले, माणसे मेली, युजीन डेब्स तुरुंगात गेला. त्याला सहा सेकंद.

मूळ रहिवासी, कामगार, कृष्णवर्णीय वादक या तिघांना सूर मिळतात. शब्द मिळतात ते लिंकनला, महापुरुषांना, गीतकाराच्या मित्रांना, आणि त्याच्या स्वतःच्या तारुण्याला. 'जॅक्सनव्हिल' हा अपवाद म्हणून कोणी पुढे करेल. गुलामीतून पळणाऱ्यांना गुप्तपणे उत्तरेकडे पोहोचवणाऱ्या मार्गावरचे हे गाव आहे आणि गाण्यात पळणारा कृष्णवर्णीय माणूस आहे. पण तिथेही पाहणारा डोळा निवेदकाचा आहे. पळणारा पळतो, बोलत नाही. हे सारे स्टीव्हन्सने ठरवून केले असे मी म्हणत नाही. शीर्षकांतली उपहासाची धार पाहता काही अंशी तरी त्याला याची जाणीव असावी. परंतु जाणीव शीर्षकात आणि सौंदर्य गाण्यात अशी वाटणी झाली, की श्रोता सौंदर्य घेऊन घरी जातो.

या वाटणीला छेद देणारी रचना चौथी आहे, आणि ती अल्बममधली सर्वांत वादग्रस्त आहे. जॉन वेन गेसी हा शिकागोच्या उपनगरात राहणारा बांधकाम कंत्राटदार. शेजारपाजारच्या समारंभांत तो विदूषकाचा वेश करी. १९७२ ते १९७८ या काळात त्याने तेहतीस मुलगे आणि तरुण मारले. बहुतेक देह त्याच्या घराच्या जमिनीखाली सापडले. १९८०मध्ये तो दोषी ठरला आणि १९९४मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. ढोल-ट्रम्पेटांच्या गदारोळानंतर इथे एकदम गिटार, पियानो आणि कुजबुजीएवढा स्वर उरतो. गाणे त्याच्या बालपणापासून सुरू होते, मारलेल्या मुलांपर्यंत येते, आणि शेवटी निवेदक म्हणतो की मी तरी निराळा कुठे आहे, माझ्याही घराच्या फळ्यांखाली दडवलेले काही आहेच. मग एक श्वास ऐकू येतो आणि गाणे संपते.

विद्यार्थ्यांशी या शेवटाची चर्चा केली की वर्ग दुभंगतो, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्ती पापकल्पनेच्या चौकटीत हा शेवट सुसंगत आहे; तिथे माणसामाणसांतला फरक अंशांचा असतो. काव्य म्हणून तो विलक्षण परिणामकारक आहे. इतिहास म्हणून मात्र त्यात एक अदलाबदल होते: मेलेले मागे सरतात आणि गाणाऱ्याचे अंतःकरण पुढे येते. २००५मध्ये, हे गाणे आले तेव्हा, तेहतिसांपैकी आठ जणांना नाव नव्हते. २०११मध्ये कुक काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने त्यांचे अवशेष बाहेर काढून डीएनए चाचण्या सुरू केल्या. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिघांची ओळख पटली. एका सरकारी कार्यालयाच्या चिकाटीने जे साधले ते कवितेकडून मागू नये हे खरे. तरीही सँडबर्गच्या प्रश्नाचे उत्तर या गाण्यात आहे असे मला वाटते. होय, अंतःकरणातून लिहिले आहे. इतके, की दुसऱ्या कोणाला तिथे जागा उरली नाही.

याउलट 'कॅसिमिर पुलास्की डे'. पुलास्की हा अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढून १७७९मध्ये मेलेला पोलिश सेनानी; शिकागोत पोलिश वस्ती मोठी, म्हणून मार्चच्या पहिल्या सोमवारी इलिनॉयमध्ये त्याच्या नावाने दिवस पाळतात. गाण्यात पुलास्की नाहीच. हाडाच्या कर्करोगाने खंगत गेलेली एक मुलगी त्या सुटीच्या दिवशी मरते. बायबलवाचनाच्या मंडळाने केलेली प्रार्थना काही कामी येत नाही. इतिहासाला इथे केवळ दिनदर्शिकेतल्या तारखेएवढी जागा आहे, आणि सामान्य माणसाच्या आयुष्यात इतिहासाला बहुधा तेवढीच जागा असते. माझ्या मते अल्बममधले सर्वांत प्रामाणिक गाणे हेच आहे.

मुखपृष्ठाची हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. चित्र दिव्या श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या अमेरिकी चित्रकर्तीचे आहे. शिकागोच्या उंच इमारती, उडत्या तबकड्या, गुंडांचा राजा अल कपोन, आणि आकाशात झेपावणारा सुपरमॅन. सुपरमॅन का, तर राज्याच्या दक्षिण टोकाला मेट्रोपोलिस नावाचे गाव आहे आणि १९७२पासून ते अधिकृतपणे सुपरमॅनचे गाव म्हणून मिरवते. बारावी रचना त्याच्यावरच आहे. पण सुपरमॅनचा मालक डीसी कॉमिक्स. संस्थेच्या वकिलाने धोका दाखवून दिला, विक्री थांबवण्याची वेळ आली, आणि पुढच्या प्रतींवर सुपरमॅनच्या जागी फुगे चिकटवले गेले. नंतर तेही गेले आणि नुसते आकाश राहिले. कपोनला कोणी हात लावला नाही. गेसीच्या गाण्याला कोणाची परवानगी लागली नाही. ब्लॅक हॉकच्या प्रतिज्ञेला तर मालकच नव्हता. इलिनॉयच्या साऱ्या इतिहासात कायद्याने जपलेली वस्तू एकच निघाली, आणि ती काल्पनिक होती.

२००६मध्ये उरलेल्या एकवीस रचना 'द अ‍ॅव्हलांच' या नावाने आल्या. सॉल बेलो, एडलाय स्टीव्हन्सन आणि इतर काही मंडळी तिथे आहेत. संग्रह उरलेल्या साहित्याचाच वाटतो. अल्बम मात्र जुना झाला नाही. जस्टिन पेक आणि जॅकी सिब्लिस ड्रूरी यांनी त्यावर 'इलिनॉइज' हे नृत्यनाट्य रचले. २०२४मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि पेकला नृत्यदिग्दर्शनाचे टोनी पारितोषिक मिळाले. रंगमंचावर संवाद नाहीत. तरुण मुले शेकोटीभोवती बसून आपापल्या कहाण्या नाचून सांगतात, आणि मध्यवर्ती कहाणी एका तरुणाच्या प्रेमाची आणि वियोगाची आहे. वीस वर्षांत अल्बममधले राज्य मागे पडले आणि 'मी' उरला, असे म्हणता येईल. ती शक्यता मूळ रचनेतच होती.

शेवटची, बाविसावी रचना पुन्हा निःशब्द आहे. पियानोचे छोटे आकृतिबंध एकमेकांवर सरकत राहतात. स्टीव्ह राइशच्या शैलीचे ऋण उघड आहे. शीर्षक इजिप्तमधून बाहेर पडण्याचे, चपलांवरची धूळ झटकण्याचे आहे. बायबलचे संदर्भ स्पष्टच आहेत. पण इलिनॉयच्या दक्षिण भागाला 'छोटा इजिप्त' म्हणतात, आणि तिथे ओहायो आणि मिसिसिपी यांच्या संगमावर कैरो नावाचे गाव आहे. मार्क ट्वेनच्या कादंबरीत हक आणि जिम याच गावाकडे निघालेले असतात, कारण तिथून स्वतंत्र राज्यांकडे वळता येणार असते, आणि धुक्यात ते गाव हुकते. १९०९मध्ये याच कैरोत हजारोंच्या जमावाने विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला झुंडीने ठार मारले. चौकशीला कोण गेले? सोळा वर्षांपूर्वी विश्वप्रदर्शनाच्या दारात पुस्तिका वाटणारी आयडा बी. वेल्स. तिने पुरावे गोळा केले, राज्यपालांसमोर बाजू मांडली, आणि कैदी जमावाच्या हाती जाऊ देणाऱ्या शेरीफला पद परत मिळाले नाही. शतकापूर्वी पंधरा हजारांच्या घरात गेलेली गावची वस्ती २०२०च्या जनगणनेत दोन हजारांच्या आत आली. रचना चार मिनिटांहून थोडी अधिक चालते. शेवटी एकेक वाद्य गळत जाते, आणि कोणी काही बोलत नाही.